साहेब, पोरांच्या मानसिकतेआधी जरा आभाळाकडं बघा

प्रति,
शालेय स्पर्धांच्या तारखा ठरवणारे, मीटिंगा घेणारे आणि परिपत्रकं काढणारे सगळे साहेब,

स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगराकडंच्या एका शाळेवर खेळाचा मास्तर आहे. नाव-गाव लिहीत नाही, कारण हे पत्र माझ्या एकट्याचं नाही, आणि खरं सांगायचं तर उगं कुणाच्या डोळ्यावर यायची हौस पण नाही. मागं एका कार्यशाळेत आम्हा क्रीडा शिक्षकांना दिवसभर बसवलं होतं, त्यात दुपारच्या जेवणानंतर एका साहेबांनी पडद्यावर स्लाइड लावली. वर नॉर्वे, लोकसंख्या ५५ लाख, २०२२ चं बीजिंगचं विंटर ऑलिंपिक, १६ गोल्ड, एकूण ३७ मेडल. खाली भारत, १४० कोटी, मेडल शून्य. मग साहेबांनी विचारलं, फरक कशाचा? कुणी बोलंना, मनून त्यांनीच सांगितलं, मानसिकतेचा! आपल्या पोरांची मानसिकताच नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा पिला, सह्या केल्या आणि शेवटच्या एसटीनं घरी आलो.

पण ते डोक्यातून काही जाईना राव. एक तर त्या स्लाइडवर नॉर्वेचा म्हणून जो झेंडा होता तो आइसलँडचा होता (रंग तेच, फक्त उलटे, होतं असं, त्याच्यावर पुढं येतो). दुसरं म्हणजे ५५ लाख हा आकडा. २०११ च्या जनगणनेला बीड आणि नांदेड असे दोन जिल्हे मिळून साधारण ५९ लाख माणूस होतं, म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांपेक्षा छोटा देश सगळ्या जगाला बर्फात हरवतोय, तर तिथल्या आया पोरांना असं काय खाऊ घालतात? मग मी मोबाईलवर वाचत बसलो, रात्री पण वाचत बसलो, बायको म्हणली काय लागलंय तुम्हाला त्या बर्फाचं, आपल्याकडं फ्रीजमध्ये पण जमंना लाइट नसल्यामुळं. तर जे वाचलं आणि गेली काही वर्षं मैदानावर जे बघितलं ते एकात एक घालून लिहायलोय, लांबलंय, पण वाचा.

नॉर्वेत आतल्या डोंगराळ भागात हिवाळ्यात बर्फ पडला की महिनोन्‌महिने हलत नाही. मोटारी यायच्या आधी शेजारच्या वस्तीवर जायचं, शिकारीला जायचं, लाकडं आणायची तर पायाला लाकडाच्या फळ्या बांधूनच जावं लागायचं. स्की हा शब्दच तिकडचा, जुन्या भाषेत त्याचा अर्थ चिरलेलं लाकूड. म्हणजे आधी ते चालायचं साधन होतं, खेळ नंतर झाला. हे आपल्याला समजायला अवघड नाही, बैल आणि छकडा शेतासाठी, बाजारासाठी होता, त्याच्यावरूनच शंकरपट आला ना. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यातच माणूस चढाओढ लावतो. आता नॉर्वेत गावागावाला जंगलातून स्कीच्या वाटा आहेत, तिथं हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो मनून त्या वाटांवर लाइटी लावलेल्या असतात, शाळा सुटली की पोरगं दारातून निघालं की वाटेवर. तिकीट नाही, कोच नाही, ट्रॅव्हल्स नाही. त्यांच्यात म्हणतातच की नॉर्वेचं पोर पायाला स्की बांधूनच जन्माला येतं. आणि अजून एक, साहेब, तिथं ११ वर्षांच्या आतल्या पोरांच्या स्पर्धेत नंबर काढून याद्या लावत नाहीत, नियमच आहे. खेळू द्या, घाम येऊ द्या, बास. आपण पहिलीच्या पोराला लिंबू-चमच्यात तिसरा आला म्हणून रडवतो.

म्हणजे पोरगं खेळतं ते रोज दारात जे फुकट मिळतं त्याच्यात. हे आभाळ ठरवतं आणि जमीन ठरवते, मानसिकता बिचारी मागनं चालत येते.

नेदरलँडचं बघा. डोंगर नाही, टेकडी म्हणावी असं पण फार नाही, मग स्कीइंग कुठून करणार, पण देशभर कालवे. थंडीत कालवे गोठले की सगळं गाव पायात पात्याचे बूट घालून बर्फावर. तिकडं फ्रीसलंड नावाच्या भागात ११ गावांची एक शर्यत आहे, एल्फस्टेडेनटोख्त, जवळजवळ २०० किलोमीटर, एका दिवसात, गोठलेल्या कालव्यांवरून, १९०९ पासूनची. अट एकच, सगळ्या वाटेवर बर्फ निदान १५ सेंटिमीटर जाड पाहिजे, नाहीतर हजारो माणसांच्या वजनानं खाली जायचं सगळं. आता १५ सेंटिमीटर बर्फ तिथं दरवर्षी होत नाही, मनून शर्यत पण दरवर्षी होत नाही, शंभर वर्षांवर होऊन गेली आणि सगळ्या मिळून फक्त १५ वेळा झाली. शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. ती कुणी जिंकली माहिती का? हेंक आंखेनेंट नावाच्या शेतकऱ्यानं, गड्याचं शेत होतं कोबीच्या जातीतल्या त्या बारक्या गड्ड्यांचं, ब्रसेल्स स्प्राउट. मला हे वाचून इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्या दिवशी परिपाठात सांगितलं. तेव्हापासून तिथली माणसं दर थंडीत बर्फाची जाडी मोजत बसतात, टीव्हीवर चर्चा होते, जसं आपल्याकडं मृगाला सगळे आभाळाकडं बघत बसतात आणि चावडीवर जो तो हवामान खात्याचा बाप होतो, तसंच. १९९७ नंतर काही जमलेलं नाही. हवाच गरम व्हायलीय.

पण इथं एक गोम आहे आणि ती मी लपवणार नाही. कालवे गोठायचे कमी झाले तरी नेदरलँडचं स्केटिंग मेलं नाही. त्यांनी छताखाली बर्फाचे ट्रॅक बांधले, हीरेनवेनचं थियाल्फ त्यातलं नाव घेण्यासारखं, आणि २०१४ च्या सोचीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना २४ मेडल मिळाली त्यातली २३ एकट्या लाँग ट्रॅक स्पीड स्केटिंगची. म्हणजे थंडीनं खेळाचं बी पेरलं, पुढं पाणी पैशानं घातलं. पण बी तर थंडीचंच ना. आधी आज्यानं कालव्यावर स्केटिंग केलं म्हणून नातवासाठी सरकारनं हॉल बांधला, उलटं कुठं होतंय.

आता त्या झेंड्यावर येतो. आइसलँड. नावातच बर्फ. चार लाखाच्या आसपास लोकसंख्या, नॉर्वेसारखेच लोक, जवळजवळ तीच भाषा एकेकाळची, आणि २०२२ पर्यंत विंटर ऑलिंपिकमध्ये मेडल किती? एकही नाही. कारण त्या देशातली बहुतेक माणसं राहतात समुद्राच्या काठाला आणि तिथं समुद्राचं कोमट पाणी येतं, मनून काठाला हिवाळा म्हणजे टिकणारा बर्फ कमी आणि वारा, चिखल, पाऊस जास्त. वाऱ्यात काय खेळणार? मग ते आत गेले, हॉलमध्ये हँडबॉल खेळले आणि २००८ ला बीजिंगच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये हँडबॉलचं सिल्व्हर आणलं. नंतर फुटबॉलची अख्खी मैदानं छताखाली घेतली आणि २०१६ च्या युरो कपात इंग्लंडला २-१ नं घरी पाठवलं. स्वतःची हवा कशी आहे ते ओळखलं, तिच्याशी भांडत बसले नाहीत, तिच्यातून वाट काढली. चुकीचा झेंडा लावला साहेबांनी पण खरं उदाहरण तेच होतं.

जपानचं तर मला आपल्यासारखंच वाटलं. म्हणजे उलटं, पण तसंच. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडा गार वारा सुटतो, जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, जपानच्या मधल्या डोंगराला धडकतो आणि अलीकडच्या अंगाला बर्फच बर्फ टाकतो, माणसाच्या डोक्याच्या वर. डोंगर ओलांडून पलीकडं टोकियोत आला की कोरडा ठणठणीत, निळं आभाळ. आता हे वाचून मराठवाड्यातल्या कुठल्या माणसाला सह्याद्री आठवणार नाही? महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि आष्टी-पाटोद्याला पोचेपर्यंत नुसती सावली राहते. आमच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून एक ओळ आहे, पोरं पाठ करतात, दोन मार्काला येतं. जपानात ज्या बाजूला बर्फ पडतो त्या बाजूला स्कीची गावं झाली, साप्पोरोला १९७२ ला आणि नागानोला १९९८ ला विंटर ऑलिंपिक झालं. टोकियोवाला माणूस रेल्वेनं डोंगर ओलांडून स्कीला जातो. एकाच देशात डोंगराच्या दोन अंगांना दोन खेळ, मग एकाच राज्यात कोकणाला, पुण्याला आणि आम्हाला एकाच महिन्यातली तारीख कशी काय लागू पडते, हा माझा मुख्य प्रश्न आहे, पण थांबा, अजून थोडं बर्फातच राहू.

कॅनडात बाप लोक थंडीत रात्री अंगणात पाणी सोडतात, सकाळपर्यंत त्याचं बर्फाचं मैदान होतं, पोरं त्याच्यावर हॉकी खेळतात. मी हे आमच्या शिपाईमामाला सांगितलं. ते म्हणले सर, आपल्याकडं रात्री अंगणात पाणी सोडलं तर सकाळी सरपंच दारात येईल. खरंय. टँकर आठ दिवसाला. पण कॅनडातल्या पोराची हॉकी अशी आहे की पाणी आणि थंडी दोन्ही बापाच्या नळाला लागलेली आहे. आणि तिथं पण आता अवघड व्हायलंय, ओटावात रिडो कॅनॉलवर दर हिवाळ्यात ७.८ किलोमीटरचा स्केटिंगचा रस्ता व्हायचा, १९७० पासूनचा, तो २०२३ च्या हिवाळ्यात पहिल्यांदा उघडलाच नाही, बर्फ जाड झाला नाही म्हणून. स्कॉटलंडमध्ये कर्लिंगची, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाची, मोठी मॅच गोठलेल्या तळ्यावर व्हायची, ती शेवटची १९७९ ला. बोलिव्हियात चाकाल्टाया म्हणून ५००० मीटरच्या वर एक हिमनदी होती, तिच्यावर स्की करायचे, २००९ ला ती हिमनदीच संपली. आभाळानं दिलेलं आभाळ परत पण घेतंय.

पैसा असला की हवा लागत नाही असं म्हणणारे पण आहेत. दुबईत मॉलमध्ये २००५ पासून बर्फाचा उतार आहे, बाहेर ४५ आणि आत शून्याखाली. बीजिंगला २०२२ ला डोंगर होते, थंडी होती, पण हिवाळा कोरडा, बर्फच पडत नाही फार, मग जवळजवळ सगळा बर्फ मशिनीनं केला. मशिनीचा बर्फ म्हणजे काय, गार हवेत बारीक पाणी फवारायचं, ते खाली पडेपर्यंत गोठतं. म्हणजे परत पाणी आलंच. खेळासाठी पाणी किती द्यायचं हा प्रश्न काय आपल्याला नवा आहे का, २०१६ च्या दुष्काळात मिरजेवरून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हाच मुंबई हायकोर्टानं एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅचा राज्याबाहेर न्यायला सांगितल्या होत्या. तेव्हा क्रिकेटप्रेमी चिडले होते, मी पण थोडा चिडलो होतो खरं तर, पण हंडा घेऊन लाइनीत उभा होतो, कुणाला सांगू.

तुम्ही म्हणाल अपवाद असतात की. असतात. जमैकाचे गडी १९८८ ला कॅलगरीला बॉबस्लेमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, उतरले, जगानं कौतुक केलं, पण गाडी उलटली ती उलटलीच. केनियाचा फिलिप बोइट १९९८ ला नागानोला १० किलोमीटर स्कीइंगला उतरला आणि सगळ्यात शेवटी आला, तेव्हा जिंकलेला नॉर्वेचा ब्योर्न डेली बक्षीस घ्यायला न जाता रेषेवर त्याची वाट बघत थांबला आणि मिठी मारली. बोइटनं नंतर आपल्या पोराचं नाव डेली ठेवलं. डोळ्यात पाणी येतं वाचून. पण बोइटला तयारीला फिनलंडला जावं लागलं होतं. आणि त्याच केनियात इटेन म्हणून गाव आहे, साधारण २४०० मीटर उंचीवर, हवा विरळ आणि वर्षभर बेताची गार, तिथली पोरं अनवाणी पळत शाळेत जातात आणि जगाला पळण्यात हरवतात. त्यांना कुणी स्लाइड दाखवून विचारत नाही की स्कीमध्ये मेडल का नाही.

आपल्या देशातलं पण तसंच आहे. शिवा केशवन मनालीकडचा, ल्यूजमध्ये (बर्फाच्या उतारावरून उताणं झोपून घसरायच्या गाडीचा खेळ) १९९८ ते २०१८ सहा ऑलिंपिक खेळला, चाकाची गाडी करून हिमालयातल्या घाटरस्त्यावर ट्रकांच्या मधून प्रॅक्टिस करायचा. २०२२ ला भारतातून एकटा आरिफ खान गेला, तो काश्मीरचा, गुलमर्गच्या उतारावर वाढलेला. पोरींच्या आइस हॉकी टीमनं २०२५ ला आशिया कपात ब्राँझ आणलं, बहुतेक पोरी लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या, आणि मेडल जिंकलं कुठं तर वाळवंटात, अमिरातीतल्या अल ऐनला. गुलमर्गला सुद्धा २०२५ च्या फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढं ढकलाव्या लागल्या, मार्चमध्ये झाल्या. बघा, तिथल्या साहेबांनी तारीख बदलली. आभाळ बघून बदलली. बदलता येते.

आता आमच्याकडं या.

आमच्याकडं आभाळातून बर्फ पडतो तो गारांचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात पडला होता, अख्ख्या मराठवाड्यात, शेतं पांढरी दिसत होती. लहान पोरं डब्यात गारा गोळा करत होती, आणि बाप लोक बांधावर डोकं धरून बसले होते, हरभरा गेला, ज्वारी आडवी, द्राक्षाचे घड फुटलेले. तेवढा एक आमचा विंटर स्पोर्ट.

पण हिवाळा आमचा वाईट नाही, उलट वर्षातला सगळ्यात चांगला काळ तोच आहे. दिवाळी झाली की हवा कोरडी होते, काळी जमीन बसते, मैदान फरशीसारखं टणक. सकाळी अंगावर काटा येईल एवढी थंडी, दुपारी कोवळं म्हणावं असं ऊन. या दिवसात पोरगं दोन तास पळलं तरी थकत नाही. आपली म्हातारी माणसं येडी नव्हती, लातूर-धाराशिवकडं येळवस (वेळ अमावास्येचा सण) याच दिवसात, हुरडा याच दिवसात, माळेगावची यात्रा याच दिवसात, आणि यात्रा म्हणली की कुस्त्यांचा फड आला. खरीप घरात आलेलं, अंगात जोर, हातात दोन पैसे, हवा गार, तेव्हा माणूस अंग मोकळं करतो. नॉर्वेवाल्यानं बर्फाचं केलं ते आपण याचं केलं होतं. हाच आमचा विंटर स्पोर्टचा सीझन आहे साहेब, फक्त बर्फ नाही त्याच्यात.

आणि तुमच्या तालुका पातळीच्या स्पर्धा कधी? ऑगस्ट. कधी सप्टेंबर. आता काळ्या रानात ऑगस्टमध्ये मैदान कसं असतं हे ज्यानं बघितलं नाही त्यानं तारीख काढू नये एवढंच माझं म्हणणं आहे. चिखल असा की बुटाला दोन-दोन किलोचा गोळा लागतो, चार पावलं टाकली की पाय उचलंना. खो-खोच्या खांबाला पोरगं सूर मारतं आणि सरळ बाहेर घसरत जातं, मागं माझ्या एका पोराचा घोटा त्याच्यातच गेला. रनिंगला फक्कीच्या रेघा पुसून जातात, कुणाची लेन कुठली कळत नाही. २००२ ला सॉल्ट लेक सिटीला ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी १००० मीटर स्केटिंगच्या फायनलला सगळ्यात मागं होता, शेवटच्या वळणावर पुढचे चारही गडी एकमेकांत अडकून धडाधड पडले, हा मागून निवांत आला आणि दक्षिण गोलार्धाला विंटर ऑलिंपिकचं पहिलं गोल्ड मिळालं. आमच्या तालुक्याला दर ऑगस्टला असे चार ब्रॅडबरी निघतात. जिल्ह्याला गेले की कोरड्या मैदानावर पहिल्या फेरीत बाहेर. मग कार्यशाळेत आम्हाला विचारतात गुणवत्ता कुठं गेली. चिखलात गेली!

मग म्हणाल सोपं आहे, हिवाळ्यात घेऊ स्पर्धा. इथंच खरं दुखणं आहे आणि हे मी तुम्हाला लिहायचं का नाही याच्यावर दोन दिवस अडलो होतो, कारण याच्यात माझीच मागणी माझ्याच अंगावर येती.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावात ऊसतोडीचे ट्रक लागतात. मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कोयता (नवरा-बायकोची जोडी) ठरलेला असतो, टोळी निघती. भांडी, गोधड्या, शेळी, कोंबड्या आणि पोरं. कारखान्याला. मैदान तयार होतं, हवा चांगली पडती, आणि त्याच आठवड्यात माझी टीम ट्रकात बसून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघून जाती. खो-खोला मैदानात नऊ लागतात, मागच्या सालाला दिवाळीनंतर माझ्याकडं पाच राहिले. नॉर्वेचा हिवाळा पोराला घराबाहेर मैदानावर काढतो, आमचा हिवाळा पोराला मैदानावरून उचलून उसाच्या फडात नेतो. हे त्या स्लाइडवर कुठं बसवायचं?

सातवीतली एक पोरगी आहे माझ्याकडं. पळती म्हणजे काय पळती, ८०० मीटरला मोठ्या पोरांच्या बरोबरीनं. ऑगस्टच्या चिखलात तिसरी आली, पुढं गेली नाही. नोव्हेंबरात गेली आईबापाबरोबर. तिथनं बापाच्या मोबाईलवरनं व्हॉइस मेसेज पाठवती, सर मी आज पण पळले. कुठं पळली तर कोपीपासनं, म्हणजे त्यांच्या झोपडीपासनं, पाण्याच्या टाकीपर्यंत, घागर घेऊन. पहाटे तीनला आई फडात जाती, ही बारक्या भावाला सांभाळती, दिवस वर आला की वाढं (उसाचे शेंडे) बांधायला जाती. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात माघारी येती तेव्हा इथं ऊन चाळीसला गेलेलं असतं, आणि तुमचं उन्हाळी क्रीडा शिबिराचं पत्र आलेलं असतं, वेळ सकाळी ९ ते ११. नऊ ते अकरा! एप्रिलमध्ये! बीडला! ज्यानं ही वेळ टाकली त्यानं त्या वेळेला अनवाणी मैदानावर उभं राहून दाखवावं, मी त्याला नारळ-शाल देईन.

आमच्याच जिल्ह्यातला अविनाश साबळे आहे ना. आष्टी तालुक्यातलं मांडवा. शाळेला रोज सहा-सहा किलोमीटर पायी आणि पळत. मग सैन्यात गेला, सियाचिनच्या बर्फात ड्यूटी केली, राजस्थानच्या उन्हात केली, आणि तिथनं पुढं स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीला, २०२२ ला कॉमनवेल्थचं सिल्व्हर आणि २०२३ ला हांगचौच्या एशियाडचं गोल्ड आणलं. त्या शर्यतीत दर फेरीला पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागती, दुष्काळी तालुक्यातला पोरगा पाण्यावरून उड्या मारून जगात गेला, असला योग फक्त आमच्याकडंच जुळतो. सांगायचं हे की उणे तापमानात पण आमचं पोर टिकतं आणि ४५ मध्ये पण टिकतं. मानसिकता विचारायची असली तर त्याला विचारा.

आता मागणी. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धा, खो-खो, कबड्डी, मराठवाड्यापुरत्या तरी डिसेंबर ते जानेवारीत घ्या. पुढच्या पातळीच्या तारखांशी जुळत नाही असं तुम्ही म्हणणार, मला माहिती आहे, पण गुलमर्गला जुळवलं ना. आणि त्याच्याबरोबर मागं राहणाऱ्या पोरांसाठीचं हंगामी वसतिगृह ट्रक लागायच्या आधी चालू करा, नंतर नाही. कागदावर ते असतंच, पण गाव रिकामं झाल्यावर मंजुरी आली तर तिथं जेवायला कोण राहणार? मी असं का म्हणतोय, तर एका सालाला गावातल्या काही पोरांनी वर्गणी काढून डिसेंबरात कबड्डीची स्पर्धा ठेवली होती, बक्षीस काय मोठं नव्हतं, पण त्या सालाला तीन पोरं आजीपाशी मागं राहिली. बापच म्हणाला, मॅच हाय त्याची, राहू द्या. मला पहिल्यांदा वाटायचं की पोरं नाहीत म्हणून हिवाळ्यात स्पर्धा घेता येत नाही. आता वाटतंय की हिवाळ्यात स्पर्धा नाही म्हणून पोरांना मागं ठेवायला कारणच नाही. सगळी थांबतील असं मी म्हणत नाही, उचल फेडायची असती, एक हात कमी झाला की घरात भांडण होतं. पण तीनची सहा होतील, सहाची नऊ झाली की माझी टीम झाली.

आणि मैदान. हिवाळ्यातच लग्नाचे मांडव, हिवाळ्यातच गॅदरिंगचं स्टेज, हिवाळ्यातच पुढाऱ्याचा वाढदिवस, आणि सगळे खड्डे शाळेच्या मैदानात. मांडव उठतो, खड्डे राहतात. एवढं एक पत्र गावागावाला काढा की डिसेंबर-जानेवारी मैदान पोरांचं. शिबिर उन्हाळ्यात घ्यायचंच असलं तर साडेपाचला चालू करून साडेसातला सोडा, मी पाचला उठून जातोच.

त्या पोरीचा बाप औंदा म्हणतोय, दिवाळीत ठरवू. मी त्याला शब्द दिला नाही, देऊ कशाच्या जिवावर? तारीख तुमच्याकडनं यायचीय. दिवाळीच्या आत आली तर मी जाऊन त्याच्या ओट्यावर बसतो. मैदान आखायचं माझ्याकडं लागलं, दोरी आहे, चुना-फक्कीची दोन पोती लागतील, मागच्या सालची पावसात भिजून दगड झालीत. तेवढी पाठवा.

आपला,
बालाघाटाकडचा एक खेळाचा मास्तर